समितीतली पाचवी खुर्ची कोणाची?

जिल्ह्याच्या ठिकाणी पाच माणसं एका खोलीत बसतात आणि एखादं लेकरू उद्यापासून कुठं झोपणार ते ठरवतात. ते आईकडे जाईल, आजीकडे राहील, बालगृहात जाईल, की दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवलं जाईल, हे त्यांच्या हातात असतं. ही बाल कल्याण समिती. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानं या पाच जणांच्या खंडपीठाला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला आणि किमान एक मुलांच्या प्रश्नांचा जाणकार. न्यायाधीश त्यात कुणीच असावा लागत नाही. मुलांच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक निर्णय आपल्या कायद्यानं समाजातल्या माणसांवर सोपवले आहेत, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या पाच खुर्च्यांपैकी एक तरी अशा माणसाला मिळावी, ज्याच्याकडे पदवी नाही, पण ज्याची सगळी हयात मुलांमध्ये गेली आहे. आजच्या कायद्यात ते शक्य नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत होतं.

मूळ कलम २७ मध्ये सदस्य होण्याचे दोन मार्ग होते. मुलांचं आरोग्य, शिक्षण किंवा कल्याण यांच्या कामात किमान सात वर्षं सक्रिय असणं, हा एक. बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानव विकास या विषयांतली पदवी घेऊन व्यवसाय करत असणं, हा दुसरा. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि पहिल्या मार्गालाही पदवीची अट लागली. विषयांची यादी थोडी वाढली. शिक्षण, आरोग्य, दिव्यांग मुलांचं विशेष शिक्षण हे विषय त्यात आले. त्याच दुरुस्तीनं जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्यांना समितीवर यायला बंदी घातली, ते योग्यच झालं. ज्याच्या संस्थेत मुलं पाठवायची त्यानंच ती पाठवण्याचा आदेश द्यावा, हे कुणालाही पटणार नाही. पण पदवीच्या अटीनं बाहेर कोण गेलं, याची चर्चा फारशी झाली नाही.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे कायद्याची पदवी आहे आणि सनद आहे, त्यामुळं समितीसाठी उद्या मी अर्ज करू शकते. आमच्याच तालुक्यातली एक निवृत्त अंगणवाडी सेविका मात्र करू शकत नाही. दहावी शिकून ती कामाला लागली. एका गावातल्या दोन पिढ्या तिच्या समोर चालायला शिकल्या. कोणतं मूल वजनकाट्यावर दर महिन्याला खाली येतं, कुणाच्या घरात रात्री चूल पेटत नाही, कोणती मुलगी अचानक गप्प झाली आहे, हे तिच्या नोंदवहीत नसलं तरी डोक्यात पक्कं असतं. कायद्याच्या नजरेत ती फार तर साक्षीदार. निर्णय देणाऱ्यांत तिला जागा नाही.

विदर्भातल्या खेड्यांना ही समिती ठाऊक झाली ती मुख्यतः बालसंगोपनाच्या पैशांमुळं. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आधी ही रक्कम १,१०० रुपये होती. नवरा गेलेली बाई, अनाथ नातवंडं सांभाळणारी आजी, दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेला बाप, असे लोक अर्ज करतात. मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, आणि राहत्या घरासमोर मुलाला घेऊन काढलेला फोटो. हा फोटो मी किती फायलींत पाहिला असेल. कुडाची भिंत, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, आई ताठ उभी आणि मूल उन्हानं डोळे बारीक केलेलं. त्यावरून गृहचौकशी होते, मग समितीसमोर हजर राहायचं, मग आदेश निघतो. त्या दिवशीची मजुरी बुडते. बाई समितीसमोर दोन मिनिटं उभी राहते आणि मुलाचं वय, शाळा, घरात कोण कोण, इतकं सांगून बाहेर येते. समितीतली माणसं वाईट असतात असं मुळीच नाही. फाइलींचा ढीग मोठा आणि फाइलीतला प्रत्येक कागद दुसऱ्याच कुणीतरी भरलेला, एवढीच अडचण आहे.

अर्जाच्या प्रकरणात हे चालूनही जातं. मूल घरातून काढायचं की घरात ठेवायचं, असा प्रश्न येतो तेव्हा त्या दुसऱ्याच कुणाच्या कागदावर सगळं अवलंबून असतं. कायद्याप्रमाणं मुलाला २४ तासांत समितीसमोर आणावं लागतं. मग सामाजिक तपास अहवाल मागवतात. तो १५ दिवसांत यावा आणि चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कलम ३६ सांगतं. अहवालाचा छापील नमुना असतो. घर पक्कं की कच्चं, उत्पन्न किती, कुटुंबात व्यसन आहे का, नातेवाईक कोण, मूल संस्थेत का पाठवावं किंवा का पाठवू नये. नमुना काही वाईट नाही. भरणाऱ्यानं वेळ दिला तर त्यातून बरंच कळतं. पण एका अधिकाऱ्याकडे अनेक तालुके असतात आणि भेट एकदाच होते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातलं प्रकरण सांगते. मुलांची ओळख उघड करायला कलम ७४ नं बंदी आहे, म्हणून ओळख पटेल असं काहीच सांगत नाही. त्या पट्ट्यात धान निघालं की मजूर कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. काही लेकरं सोबत नेतात, काहींना घरी आजीजवळ ठेवतात. नऊ वर्षांची एक मुलगी आठवडी बाजारात एकटीच रडताना सापडली. कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन केला, मुलगी समितीसमोर आली, अहवाल मागवला गेला. अहवालात लिहिलं होतं की घराला कुलूप, आईवडील परराज्यात, आजीचं वय अंदाजे ७०, उत्पन्नाचं साधन नाही, पालकांचं दुर्लक्ष दिसून येतं. शिफारस दोन पर्यायांची होती. एक बालगृह, नाही तर मोठ्या मामाचं घर, कारण मामाचं घर सिमेंटचं होतं आणि त्याला पगाराची नोकरी होती.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण ज्या अंगणवाडी बाईनं त्या मुलीला चार वर्षं खिचडी वाढली होती, तिला विचारल्यावर ती म्हणाली, “आजी म्हातारी हाय, पण पोट्टीले एक दिवस उपाशी झोपू देल्लं नाही तिनं. मायबाप चैतात येतेत जी, दरसाल येतेत. रोज रात्री दुकानदाराच्या फोनवर बोलते तिची माय.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “फक्त त्या मोठ्या मामाच्या घरी पाठवू नका.” का, ते तिनं पुढं सविस्तर सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ज्या घराला अहवालानं सुरक्षित ठरवलं होतं, त्या घरापासून गावातल्या बाया आपापल्या पोरी लांब ठेवत होत्या.

माझ्या मते सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. पहिल्या वाक्यानं एक मूल बालगृहात जाण्यापासून वाचतं, दुसऱ्यानं ते चुकीच्या घरात जाण्यापासून वाचतं. पदवीधर अधिकाऱ्याला ही दोन्ही वाक्यं मिळाली नाहीत, कारण ती विचारण्यासाठी कुणाच्या तरी ओट्यावर तासभर बसावं लागतं, आणि परक्या माणसाला ती तासाभरातही मिळतीलच असं नाही. मामाचं नाव बाहेरच्या साहेबासमोर गावातली कोणती बाई घेईल? आपल्यातलीच एक बाई समितीच्या बाकावर बसलेली असेल, तर घेईल.

कायदा स्वतः हेच म्हणतो. कलम ३ मधल्या तत्त्वांत मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे आणि मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे. पण कुटुंब म्हणजे काय, हे गावोगाव वेगळं असतं. हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरात आजी, चुलती, शेजारीण मिळून मूल वाढवतात. शहरातल्या चौकोनी घराच्या मापानं पाहिलं तर त्याला दुर्लक्ष म्हणता येईल. मेळघाटातल्या कोरकू पाड्यावर, यवतमाळच्या कोलाम पोडावर, बंजारा तांड्यावर आणि पारधी बेड्यावर ही मापं आणखी वेगळी होतात. पारध्यांची मुलं चौकात दिसली की भीक मागणारी म्हणून त्यांना समितीसमोर आणलं जातं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, या कायद्यातल्या व्याख्येत भीक मागणारं मूल येतंच. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या लोकांवर मारलेला शिक्का तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी पोलिसांच्या मनातून आणि आपल्याही मनातून गेलेला नाही. सरकारी गाडी दिसली की बेडा रिकामा होतो. मग अहवालात लिहिलं जातं, पालक आढळून आले नाहीत. ज्या माणसाला ठाऊक आहे की ते पालक शेताच्या बांधामागं बसलेत आणि का बसलेत, असा कुणी त्या खोलीत असायला हवा.

भाषेची गोष्ट याच्याही पुढची. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या घरात. इतकं अंतर तोडून आलेलं, कोरकू किंवा माडिया बोलणारं मूल अनोळखी खोलीत मराठीत विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? ते खाली पाहतं. ‘बालक प्रतिसाद देत नाही’ एवढी नोंद कागदावर येते आणि तीच नोंद पुढं प्रत्येक पानावर त्याच्यासोबत जाते. मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. आश्रमशाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती भाषा येते.

आता उलट बाजू. ती तितकीच खरी आहे आणि मी ती हातचं राखून सांगणार नाही, कारण गावाचं शहाणपण म्हणून जे काही मिरवलं जातं त्यातलं पुष्कळसं मी न्यायालयात उघडं पडताना पाहिलं आहे. पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होतो आणि चार जाणती माणसं बसून ‘गावातच मिटवू’ म्हणतात. कधी पैसे ठरतात, कधी ज्यानं अत्याचार केला त्याच्याशीच लग्न ठरतं. पोक्सोच्या २०१२ च्या कायद्यानं असा गुन्हा कळूनही न कळवणं हाच गुन्हा ठरवला, तरी पोलीस ठाण्यापर्यंत किती प्रकरणं येतात ते आम्हा वकिलांना विचारा. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका त्यात असतात. आणि तरीही गावात अल्पवयीन मुलीचं लग्न लागतं, त्या लग्नाच्या पंगतीत ही मंडळी जेवतात. जातीचा दाब, भावकीचा दाब, पुढच्या निवडणुकीचा दाब. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. दुसऱ्या लग्नाची बाई आपल्या मुलांना नीट सांभाळूच शकत नाही, मुलगी ‘हातची गेली’ आता तिला संस्थेतच टाका, मूल अमक्या जातीचं म्हणून ते चोरीच करणार, ही वाक्यंसुद्धा गावातूनच येतात आणि तीही अनुभवाच्या नावाखालीच येतात.

म्हणून तज्ज्ञाला हटवा असं मी म्हणत नाही. बोलणं बंद झालेल्या मुलाच्या मनात काय चाललं आहे, अंथरूण ओलं करणारी दहा वर्षांची मुलगी आळशी आहे की घाबरलेली, अंगावरचा डाग पडल्याचा की चटक्याचा, हे ओळखायला शिक्षण लागतं आणि ते अनुभवानं आपोआप येत नाही. गाव ज्याला हट्ट म्हणतं त्याला मनोविकारतज्ज्ञ आघात म्हणून ओळखतो, आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये याच धाग्यावर एक महत्त्वाचा निर्णय दिला. अतिगंभीर गुन्ह्यात अडकलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलाचं प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करतं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. कलम १५ म्हणतं की मंडळ मानसशास्त्रज्ञांची मदत ‘घेऊ शकेल’. न्यायालयानं सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला कुणी नसेल, तर ही मदत घेणं मंडळाला बंधनकारक आहे. म्हणजे जे ज्ञान बाकावर बसलेल्यांकडे नाही, ते बाहेरून मागवल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

या तर्काला मी पूर्ण मान देते आणि तो अर्ध्यावर सोडू नये असं म्हणते. मंडळात मानसशास्त्रज्ञ नसणं ही जर उणीव असेल, तर समितीत त्या मुलाची भाषा, त्याचा समाज, त्याच्या घराची रीत ओळखणारा कुणी नसणं हीसुद्धा उणीवच आहे. पहिल्या उणिवेसाठी मदत सक्तीची आणि दुसरीसाठी साधी चौकशीही नाही, असं का? कलम १५ मधलं मूल्यमापन मुलाच्या मनाच्या कुवतीपुरतं नाही, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हेही त्यात पाहायचं असतं. परिस्थिती कुठल्या चाचणीत कळते? दारूच्या भट्टीवर रात्रपाळीला बसवलेला पोरगा तिथं कुणाच्या कर्जापायी बसला होता, हे त्याच्या गल्लीला माहीत असतं.

मुलाच्या ताब्याच्या दाव्यांतही हेच. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या तरुण बाया आमच्याकडे येतात. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर शासन एक लाख रुपये देतं. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. रक्कम मोठी नाही, पण दोन एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या घरात ती मोठीच असते. बाई माहेरी जाते किंवा दोनेक वर्षांनी दुसरं लग्न करते. सासरचे मुलाला ठेवून घेतात, विशेषतः मुलगा असला तर. मग १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज होतो. कायदा सांगतो की मुलाचं हित पाहा, आणि समज आलेल्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्या. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावतात, प्रेमानं विचारतात. मूल म्हणतं, मला आबाजवळ राहायचं.

हे वाक्य कुणी शिकवलं आहे की त्याच्या मनातलं आहे? समुपदेशकाला एक-दोन भेटींत हे ओळखणं अवघड जातं. गावाला बहुधा ठाऊक असतं. आबा रोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जातो की निकालाच्या आठवड्यातच जायला लागला? आई भेटायला आली तेव्हा तिला अंगणात बसू दिलं की बाहेरून परत पाठवलं? आणि हेही सांगते की पैशासाठी मूल धरून ठेवणारे आजी-आजोबा जसे असतात, तसे मेलेल्या मुलाची शेवटची खूण म्हणून नातवाला उराशी धरणारेही असतात. गावातली बाई या दोघांतला फरक सांगू शकते. मी वकील म्हणून सांगू शकत नाही, कारण माझा अशील त्यातला एकच असतो.

पदवीशिवायच्या माणसावर इतकी मोठी जबाबदारी कशी टाकायची, असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर विदर्भानंच एकदा दिलेलं आहे, आणि तेही जीवन-मरणाच्या प्रश्नात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत तिथल्याच कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे लक्षणांवरून ओळखायचं आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे काम त्यांनी केलं. तोपर्यंत हे फक्त डॉक्टरनं आणि रुग्णालयातच करायचं काम मानलं जात होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढं देशाच्या आशा कार्यकर्तीच्या कामात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणं आलं, त्यामागं हा अनुभव आहे.

बाया प्रेमळ होत्या, गावच्या होत्या, एवढ्यावर हे झालं नाही, आणि या उदाहरणात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. त्यांना नेमकं शिकवलं गेलं. कोणती लक्षणं दिसली की काय करायचं, हे लिहून दिलं होतं. प्रत्येक भेटीची नोंद होती, ती तपासणारं माणूस होतं, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचं काय हे आधीच ठरलेलं होतं. गावचं ज्ञान विश्वासाचं ठरलं, कारण त्याला शिस्त आणि मर्यादा होती.

परदेशातलं एक उदाहरण थोडक्यात देते. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड किलब्रँडन यांच्या समितीनं १९६४ मध्ये अहवाल दिला, त्यावर १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९७१ पासून मुलांची प्रकरणं तीन सामान्य नागरिकांसमोर चालू लागली. ते मानधन न घेता काम करणारे, निवडलेले आणि प्रशिक्षण दिलेले लोक असतात. घटना घडली की नाही याबद्दलच वाद असेल तर प्रकरण न्यायाधीशाकडे जातं. मुलासाठी पुढं काय करायचं हे नागरिकांचं मंडळ ठरवतं. कोणता प्रश्न कुणी सोडवायचा याची ही वाटणी मला फार समंजस वाटते. पुराव्याची छाननी हे प्रशिक्षित न्यायाधीशाचं काम, आणि हे मूल कुणाजवळ फुलेल हा प्रश्न माणसं ओळखणाऱ्यांचा. तिथंही २०२३ च्या एका अहवालानं मंडळाचा अध्यक्ष पगारी आणि व्यावसायिक असावा असं सुचवलं, कारण प्रकरणं गुंतागुंतीची होत गेली. पन्नास वर्षांच्या अनुभवानंतरही व्यावसायिक आणि नागरिक यांना एका बाकावर बसवण्याचाच विचार तिथं होतो आहे.

आपल्याकडे असं व्हावं की पाचपैकी एका जागेसाठी पदवीची अट काढावी आणि तिच्या जागी कामाचा पुरावा मागावा. किती वर्षं, कोणत्या गावांत, कोणत्या मुलांसोबत. शिफारसपत्रं नकोत, कारण ती आमदाराच्या कार्यालयातून मिळतात. नोंदवह्या पाहा, त्या गावांत जाऊन विचारा, ज्या मुलांना तिनं शाळेत परत आणलं त्यांना विचारा. राजकीय पक्षाचा पदाधिकारी त्या जागेवर नको. स्वतःच्या गावातलं, नात्यातलं, भावकीतलं प्रकरण आलं की तिनं उठून बाहेर जावं, आणि तसं कामकाजात लिहिलं जावं. पोक्सो काय सांगतो, कळवण्याची सक्ती कशी आहे, मुलाला कोणते प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला शिकवावं, आणि इतर चौघांनाही शिकवावं, कारण पदवी असली की हे येतंच असं नाही. वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय प्रश्नावर तज्ज्ञाचं मत आल्याशिवाय तिनं किंवा कुणीच मत देऊ नये.

आदेशात दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. तज्ज्ञ काय म्हणाला, गावची माहिती काय सांगत होती, त्या जुळत नसतील तर समितीनं कुणाचं का मानलं. समितीत मतभेद झाला तर बहुमतानं निर्णय होतो, अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य लागतात. त्यात एकटी पडलेली पाचवी सदस्य काय म्हणत होती, हे लिहून ठेवलं तर अपिलात त्याचा उपयोग होईल. आज बहुतेक आदेश एकाच साच्यातले असतात. ‘अहवालाचे अवलोकन केले, बालकाच्या सर्वोत्तम हिताचा विचार करता’ आणि पुढं निर्णय. हित कुणाला कुठं दिसलं, याचा त्यात पत्ता नसतो.

तज्ज्ञालाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. मुलाला किती वेळ भेटलात, कोणत्या भाषेत बोललात, घरी गेलात का, आजूबाजूच्या कुणाशी बोललात? हे प्रश्न वकील विचारतो तेव्हा तो उद्धट वाटतो आणि आई विचारते तेव्हा तिला गप्प केलं जातं. समितीतल्याच सदस्यानं विचारले तर त्याला उत्तर द्यावं लागतं. गावचं ऐकीव बोलणं तपासून घ्यायची जशी गरज आहे, तशीच छापील अहवाल तपासून घ्यायचीही आहे.

वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांचं काम विदर्भाला नव्यानं सांगायला नको. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी आपलं आडनाव दिलं, त्यांची शिक्षणं केली, लग्नं लावली; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांना १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून संस्थेबाहेर काढू नका, त्यांच्यासाठी कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. अठराव्या वाढदिवसानंतर त्या मुलांचं काय होतं, हा प्रश्न त्या मुलांसोबत राहणाऱ्या माणसानं लावून धरला. असं ज्ञान सत्काराच्या मंचावर बसतं आणि निर्णयाच्या बाकावर बसत नाही, हे मला बोचतं.

पदवीची अट बदलायला संसदेनं कलम २७ पुन्हा उघडावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. काही गोष्टींना तेवढं थांबण्याची गरज नाही. चौकशीत अंगणवाडी सेविकेला, आश्रमशाळेच्या बाईला, तांड्यावरच्या जाणत्या माणसाला बोलावून त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला समितीला आजही कुणी अडवलेलं नाही. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची सोय तेवढी हवी. बालगृहाला दिलेली भेट ही समितीची बैठक धरली जाते, असं कलम २८ मध्ये आहे. तालुक्याला जाऊन घेतलेली सुनावणीही तशीच धरावी, असे नियम राज्य करू शकतं. आणि कलम २७ च्या पहिल्याच पोटकलमात प्रत्येक जिल्ह्यासाठी ‘एक किंवा अधिक’ समित्या असं म्हटलं आहे. धारणीत किंवा अहेरीत दुसरी समिती बसवायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरते.